दोनशे यार्डांवर पॉइंट टू-टू: स्वतःच्या रानात लांब पल्ल्याची स्टेज कशी आखावी

पॉइंट टू-टू रायफलची स्टेज, म्हणजे ठरलेल्या टेकूंवरून ठरलेल्या अंतरांच्या प्लेटांवर ठरलेल्या वेळेत झाडायची फेरी, आखायची म्हटलं की बहुतेक जण आधी लोखंडी प्लेटा मागवतात आणि मग त्या कुठे टांगाव्यात ते शोधत रानात फिरतात. क्रम उलटा हवा. चुकलेली गोळी कुठे जाणार हे आधी ठरवायचं, लागलेल्या गोळीचा विचार नंतर. अख्खी स्टेज या एका प्रश्नाभोवती बसवली की सुरक्षितताही साधते आणि स्टेज शिकवतेही, कारण चूक कुठे पडली ते दिसलं नाही तर नेमबाज त्यातून काय घेणार?

हा लेख टेक्सासातली जमीन डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे: हिल कंट्रीकडचं चुनखडीचं रान, मेस्किट, सीडर, मधूनच ओकची झाडं. इथल्या मराठी मंडळींपैकी काहींनी शहराबाहेर मोठे तुकडे घेतले आहेत आणि त्यांच्याकडून हा प्रश्न वारंवार येतो. भारतातल्या वाचकांनी यातलं गणित जरूर घ्यावं, पण रान नको. तिथे शस्त्र कायद्याखाली रायफल क्लब आणि परवानाधारक रेंज हाच रस्ता आहे.

कायदा, थोडक्यात पण आधी

पहिली गोष्ट व्हिसाची. अमेरिकेत नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं बाळगायला केंद्रीय कायद्यानं मनाई आहे. वैध शिकारीचा परवाना जवळ असणं हा त्यातला नेहमीचा अपवाद. ग्रीन कार्डवाल्यांना ही मनाई लागू नाही. मित्राची रायफल हातात घेऊन चार गोळ्या झाडणं हेसुद्धा ‘बाळगणं’ धरलं जाऊ शकतं, म्हणून एच-१बीवर आलेल्या पाहुण्याला गंमत म्हणून रायफल देऊ नका. शंका असेल तर वकिलाला विचारा, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला नको.

दुसरी गोष्ट जमिनीची. टेक्सासात शहराच्या हद्दीलगतच्या क्षेत्रात, किंवा १ सप्टेंबर १९८१ नंतर शहरात घेतलेल्या भागात, तुकडा ५० एकर किंवा मोठा असेल, वस्तीचं घर ३०० फुटांपेक्षा लांब असेल आणि गोळी हद्दीबाहेर जाण्याची वाजवी शक्यता नसेल, तर शहराला रायफल झाडण्यावर बंदी घालता येत नाही. शहराबाहेरच्या प्लॉट पाडलेल्या वसाहतींत मात्र १० एकर किंवा त्याहून लहान प्लॉटवर काउंटी बंदी घालू शकते. इतर राज्यांत नियम वेगळे. काउंटीच्या कार्यालयात विचारून घ्या आणि शेजाऱ्याला आपण होऊन सांगा. आवाज कसला हे माहीत असलेला शेजारी शेरीफला फोन करत नाही.

हे काडतूस वागतं कसं

पॉइंट टू-टू लाँग रायफलची नेहमीची गोळी ४० ग्रेनची, म्हणजे साधारण २.६ ग्रॅमची. स्टँडर्ड व्हेलॉसिटी काडतूस तिला सेकंदाला सुमारे १०७० फुटांच्या वेगानं बाहेर काढतं. हा वेग आवाजाच्या वेगापेक्षा थोडा कमी आहे आणि लांब अंतरासाठी तेच बरं. आवाजापेक्षा जोरात निघालेली हलकी गोळी वाटेत तो उंबरा ओलांडून खाली येताना बिघडते आणि वाऱ्यातही जास्त सरकते.

रायफल ५० यार्डांवर झिरो केली, म्हणजे तिथे नेम धरू तिथेच गोळी लागेल असा स्कोप बसवला, तर १०० यार्डांवर गोळी साधारण ७ इंच खाली येते, १५० वर सुमारे २४ इंच आणि २०० वर सुमारे ५२ इंच. स्कोपची चकती फिरवून हे भरून काढायचं, म्हणजे डायल करायचं, तर अनुक्रमे २, ४.५ आणि ७.२ मिलच्या आसपास (मिल हे कोनाचं माप, १०० यार्डांवर एक मिल म्हणजे ३.६ इंच). तुमच्या रायफलचे आकडे थोडे इकडेतिकडे होतील. ते बॅलिस्टिक अ‍ॅपमधून काढून नंतर प्रत्यक्ष गोळ्या झाडून पक्के करायचे.

स्वप्नील कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकचं कांस्य जिंकलं ते याच काडतुसावर, ५० मीटरवर. तिथे दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं. आपण त्याच्या जवळजवळ चौपट लांब जाणार आहोत, म्हणून आपलं लक्ष्य काही पटींनी मोठं असलं तरी काम सोपं होत नाही.

पण चिमुकली म्हणून या गोळीला हलकं समजू नका. काडतुसांच्या खोक्यावर सव्वा ते दीड मैलापर्यंत धोक्याचा इशारा छापलेला असतो. शिवाय शिशाची ही मंद गोळी कडक जमिनीवरून, दगडावरून आणि पाण्यावरून फार सहज उसळते.

जागा: आधी बांध, मग बाकी सगळं

दोनशे यार्डांवर पोचलेली गोळी जवळजवळ जमिनीला समांतर असते. उतार पाऊण अंशाच्या आतबाहेर, म्हणजे शंभर फुटांत साधारण सव्वा फूट. सपाट रानात चुकलेली गोळी ‘मातीत जाईल’ ही समजूत म्हणूनच धोक्याची. ती मातीला घासते आणि पुढे निघते.

आता बांधाच्या उंचीचा हिशोब. समजा प्लेट जमिनीपासून ३ फुटांवर आहे आणि मागे १५ फुटांचा मातीचा बांध आहे. प्लेटवरून बांधाच्या माथ्यापर्यंत १२ फूट, अंतर ६०० फूट. नळी एका अंशापेक्षा किंचित जास्त वर गेली की गोळी बांधावरून पलीकडे. नीट नेम धरताना एवढी चूक कोणी करत नाही. पण शिडीवर तोल सावरताना बोट चापाला लागलं तर एक अंश काहीच नाही. औपचारिक रेंजवरचे १५ ते २० फुटी बांध कडक शिस्तीच्या जोरावर पुरतात. घरच्या रानात माझं मत स्पष्ट आहे: दोनशे यार्डांसाठी मागे खरीखुरी टेकडी हवी, आणि टेकडीमागेही लांबवर तुमचीच किंवा निर्मनुष्य जमीन हवी. टेकडी नसेल तर स्टेज शंभर यार्डांत बसवा. एनआरएल२२ या स्पर्धेच्या दरमहाच्या स्टेजही शंभर यार्डांच्या आतच असतात आणि त्यात भल्याभल्यांचा घाम निघतो. टेकडीच्या धारेवर, मागे आकाश दिसेल असं लक्ष्य कधीच टांगायचं नाही.

टेकडी मिळाली तरी काम संपत नाही, कारण हिल कंट्रीतली टेकडी म्हणजे वरून गवत आणि खाली चुनखडी. जिथे गोळ्या पडणार तिथे मऊ माती आणून किमान दोन-तीन फूट थर द्या. पृष्ठभागावरचे दगड वेचून काढा. दर मोसमाला पावसानं माती वाहून दगड पुन्हा डोकं वर काढतात, तेव्हा हे काम वर्षातून दोनदा धरूनच चाला. जनावरांच्या पाण्याचं तळं, ज्याला इथे ‘स्टॉक टँक’ म्हणतात, ते गोळीच्या रेषेत किंवा बांधाच्या पायथ्याशी नको. उसळणं आणि शिसं, दोन्ही कारणांनी.

सगळ्यात संभवणारी चूक कोणती?

स्टेजमध्ये नेमबाज घाईत असतो. त्याच्या हातून होणारी नेहमीची चूक हात हलण्याची नसते, डायल विसरण्याची असते. दोन्ही बाजूंनी ती तपासून बघा.

पहिली बाजू: २०० साठी ७.२ मिल चढवले आणि तसंच ५० यार्डांच्या प्लेटवर झाडली. गोळी १३ इंच वरून जाते. जवळच्या प्लेटमागे तुम्ही मातीचा छोटा ढीग रचला असेल तर ती त्यावरून सरळ पुढे. म्हणून जवळच्या प्लेटांनाही मागे तीच मोठी टेकडी मिळाली पाहिजे. सगळी लक्ष्यं एकाच अरुंद पंख्यात बसवा, फायरिंग पॉइंटपासून टेकडीच्या पक्क्या भागाकडे जाणाऱ्या रेषांच्या आत. डावीकडे एक, उजवीकडे कुंपणापाशी एक अशी पांगापांग करू नका.

दुसरी बाजू: ५० च्या झिरोवरच २०० ची प्लेट मारली. सपाट जमीन असेल तर गोळी प्लेटच्या वीस-पंचवीस यार्ड अलीकडे जमिनीला लागते. म्हणजे प्लेटच्या पुढची चाळीसेक यार्ड जमीन हीसुद्धा तुमची ‘मागची भिंत’च आहे. तिथले दगड काढा आणि ट्रॅक्टरनं माती उकरून भुसभुशीत ठेवा. याचा दुसरा फायदा लगेच दिसतो. भुसभुशीत कोरड्या मातीत धुळीचा फवारा उडतो आणि मागून दुर्बिणीतून बघणाऱ्याला गोळी किती खाली, किती डावीकडे पडली ते कळतं. गवतात ती गडप होते.

हे कागदावर झालं की रानात जाऊन नेमाच्या रेषा तपासा. प्रत्येक पोझिशनवरून, म्हणजे झोपून, कठड्यावरून आणि शिडीवरून, बोल्ट काढलेल्या रायफलच्या स्कोपमधून प्रत्येक प्लेटकडे बघा. प्लेटभोवती सगळ्या बाजूंनी माती दिसते का? मध्ये फांदी आहे का? एका उंचीवरून नीट दिसणारी प्लेट दुसरीवरून झुडपाआड जाते, आणि झोपून बघताना वरची प्लेट आकाशाला टेकते. एखादी पोझिशन या परीक्षेत नापास झाली तर पोझिशन हलवा, नाहीतर प्लेट हलवा. ‘सांभाळून मारा’ अशी सूचना लिहून भागत नाही.

प्लेट केवढी असावी

लोक अंतराच्या प्रमाणात प्लेट मोठी करतात: शंभरवर २ इंची, तर दोनशेवर ४ इंची. कागदावर ठीक, रानात अन्यायाचं. या गोळीला वारा किती सरकवतो ते बघा. आडवा वारा ताशी १० मैल असेल तर १०० यार्डांवर साधारण साडेतीन इंच, १५० वर साडेसात, २०० वर तेराच्या आसपास. अंतर दुप्पट, तर सरकणं जवळजवळ चौपट.

म्हणजे १०० यार्डांवरची २ इंची, १५० वरची साडेचार इंची आणि २०० वरची ८ इंची प्लेट वाऱ्याच्या हिशोबानं सारख्याच अवघड आहेत. तिन्ही ठिकाणी वाऱ्याचा अंदाज ताशी ३ मैलांनी चुकला की गोळी कडेवरून जाते. ही तिकडी पाया म्हणून धरा. घरची मुलं, नवखे मित्र येणार असतील तर प्रत्येक माप दीडपट करा. जुने खेळाडू असतील तर दोनशेवर ६ इंच करून बघा, पण त्याच्या खाली जाऊ नका.

कारण तिथे काडतूसच आडवं येतं. एकाच खोक्यातल्या दोन काडतुसांच्या वेगात सेकंदाला ३० फुटांचा फरक सहज निघतो. ५० यार्डांवर त्याचा परिणाम पाव इंचाच्या आसपास, पण २०० वर तीन इंचांहून जास्त. एवढी लहान प्लेट ठेवली तर तुम्ही नेमबाजाची नाही, खोक्याच्या लॉट नंबरची परीक्षा घेता.

अंतराचंही तसंच. दोनशेच्या पट्ट्यात अंतर १० यार्डांनी चुकलं तर गोळी ४ इंच खालीवर होते, म्हणजे ८ इंची प्लेटची नेमकी कड. अंतरं लेझरनं मोजून लिहून द्यायची की नेमबाजानं स्वतः अंदाजायची, हे आधी ठरवा. माझ्या मते पहिल्या सामन्यात अंतरं जाहीर करावीत. वारा एवढं एकच कोडं दोन मिनिटांसाठी पुष्कळ होतं.

टांगायचं कसं

एआर५०० या कडक पोलादाची पाव इंच जाडीची प्लेट घ्या. सेंटरफायर, म्हणजे मोठ्या काडतुसांच्या रायफलसाठीची जाड प्लेट इथे तोट्याची. पाव इंची ८ इंची गोल प्लेट साडेतीन पौंडांची भरते, तिला २०० यार्डांवरून आलेली गोळी हलवू शकते. जाड प्लेट ढिम्म राहते आणि आवाजही दबका देते.

जमिनीत टी-पोस्ट, म्हणजे कुंपणाचा लोखंडी खांब ठोका, त्यावर हुक बसवा आणि प्लेट रबरी पट्ट्यानं लटकवा. जुन्या कन्व्हेयर बेल्टचा किंवा फायर होजचा तुकडा साखळीपेक्षा बरा, कारण साखळीच्या कडीला लागलेली गोळी कुठेही फुटते. बोल्ट गोल डोक्याचा हवा आणि नट मागच्या बाजूला. प्लेटचा वरचा काठ नेमबाजाकडे झुकलेला ठेवा, पंधरा-वीस अंश पुरेत, म्हणजे शिशाचे तुकडे खाली जमिनीकडे जातात. प्लेटवर खड्डे पडले किंवा ती वाकली की ती बाद. घासूनपुसून पुन्हा टांगायची नाही, खड्डा तुकडे उलट फेकतो.

आवाजाचं एक गणित मजेदार आहे. चाप ओढल्यापासून गोळी पोचायला सहा दशांश सेकंदांहून थोडं जास्त, ‘टण्’ परत यायला आणखी अर्धा सेकंद. म्हणजे गोळी पोचेपर्यंत नेमबाज रायफल न हलवता थांबला तरच त्याला फटका स्कोपमधून दिसतो, आणि आवाज तर एक सेकंदाहून अधिक काळानं येतो. वारा उलटा असेल तर आवाज येतच नाही. पांढरा रंग मारून ठेवा, दर फेरीनंतर पुन्हा मारा. शिवाय मागे दुर्बीण लावून एक माणूस बसवाच. तो ‘हिट’ म्हणाला की हिट, वाद नाही.

वाऱ्यासाठी ५०, १०० आणि १५० यार्डांवर काठ्या रोवून त्यांना सर्व्हेवाल्यांची भडक रंगाची प्लास्टिक पट्टी बांधा. तीन पट्ट्या तीन दिशांना उडताना दिसल्या की नवख्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

टेकू आणि आखणी

आता कुठे खेळाचा भाग. टेकूसाठी विकत काही आणायची गरज नाही. लाकडी पॅलेट, घडीची शिडी, वायरचं मोठं लाकडी रीळ, गोठ्याच्या कुंपणाचा लोखंडी पॅनल, प्लास्टिकचं पिंप. पिंप आडवं ठेवणार असाल तर अर्धं वाळूनं भरा आणि दोन्हीकडून पाचर मारा. टेकू डगमगता चालेल, कोसळता चालणार नाही. शिडीच्या पायऱ्यांवर उभं राहायचं नाही, फक्त रायफल टेकवायची.

एक नमुना देतो. दहा गोळ्या, १२० सेकंद, तीन टेकू. सुरुवात टेकूमागे उभं राहून, मॅगझिन लावलेलं, बोल्ट उघडा.

पॅलेटवरून १०० यार्डांची २ इंची प्लेट, दोन गोळ्या. तिथूनच १५० ची, दोन गोळ्या. मग शिडीकडे. शिडीच्या मधल्या पायरीवरून २०० ची ८ इंची, दोन. शेवटी पालथं झोपून २००, १५०, २००, १०० अशी एकेक.

यातली गोम शेवटच्या चार गोळ्यांत आहे. झोपून नेम सगळ्यात स्थिर असतो, म्हणून तिथेच अंतरांची उलटापालट ठेवली. जो डायल फिरवत बसतो त्याचा वेळ जातो. जो स्कोपच्या जाळीवरच्या खुणा धरून मारतो त्याला वेळ मिळतो, पण खूण चुकण्याचा धोका वाढतो. दोन्ही रस्ते खुले राहिले की सामना संपल्यावर बोलायला विषय मिळतो. सगळ्यात अवघड टेकू आणि सगळ्यात लांब प्लेट ही जोडी मात्र एकदाच वापरा. तिन्ही ठिकाणी ती घातली तर लोक गोळ्या वाया घालवून घरी जातात.

स्वतः दोनदा झाडून बघा. तुमच्या बरोबरीच्या नेमबाजाला दहातल्या सहा-सात लागत असतील तर आखणी बरोबर. दहाच्या दहा लागत असतील तर आधी वेळ कमी करा, प्लेट नंतर लहान करा.

सामन्याच्या दिवशी

एक माणूस रेंज ऑफिसर, म्हणजे सुरक्षिततेवर लक्ष ठेवणारा, आणि तो स्वतः खेळत असताना दुसरा. टेकू बदलताना बोल्ट उघडा आणि बोट चापापासून लांब. रायफल टेकूवर बसली, स्कोपमध्ये प्लेट दिसली, मगच बोल्ट बंद. हा नियम मोडला की स्टेज तिथेच थांबते, यजमानाच्या मेहुण्याचीसुद्धा.

पॉइंट टू-टूसारखं रिमफायर काडतूस, म्हणजे कडेवर ठोका बसून पेटणारं, अधूनमधून पेटत नाही. चाप ओढला आणि ‘टक्’ झालं तर नळी टेकडीकडेच ठेवून अर्धा मिनिट थांबा, मग बोल्ट उघडा. आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर पुढची गोळी झाडण्याआधी नळी मोकळी आहे का ते बघा. चष्मा आणि कानाचं संरक्षण बघ्यांनाही.

सकाळी सगळ्यात आधी टेकू हलवून बघा. पॅलेट आणि पिंपाखालची सावली रॅटलस्नेकला आवडते आणि झोपायच्या चटईखाली फायर अँट हमखास निघतात. प्रथमोपचाराच्या पेटीत टूर्निके, म्हणजे रक्तस्राव थांबवायला आवळायचा पट्टा, हवं. ९११ ला सांगायचा पत्ता, फाटकाचा कोड आणि जागेचे जीपीएस आकडे एका पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहून ती फायरिंग पॉइंटलाच लावा. रानात घाबरलेल्या माणसाला स्वतःच्या रस्त्याचं नाव आठवत नाही.

खेळ संपल्यावर हात साबणानं आणि गार पाण्यानं धुतल्याशिवाय कोणी भाकरीला हात लावायचा नाही, मुलांनी तर नाहीच, कारण हातावर शिसं असतं. जे कपडे घालून झोपून नेम धरला ते वेगळे धुवा. प्लेटांखाली पडलेले शिशाचे तुकडे अधूनमधून गोळा करून झाकणाच्या डब्यात ठेवा. भंगारवाला ते घेतो. प्लेटा उतरवून ठेवा, टी-पोस्ट राहू द्या, आणि प्रत्येक पोस्टचं लेझरनं मोजलेलं अंतर त्याच्यावरच रंगानं लिहा. पुढच्या खेपेला फक्त टेकूंची जागा आणि गोळ्यांचा क्रम बदलला तरी नवी स्टेज तयार होते.